विश्लेषण : ‘हम होंगे कामयाब’ मुळात कुणाचे?

शाळेचे स्नेहसंमेलन असो की पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम, ‘हम होंगे कामयाब’ ठरलेलेच. त्यामुळे अनेकांना ते शाळेतले समूहगीत म्हणूनच ठाऊक असते. प्रत्यक्षात ते अमेरिकेतील संपकऱ्यांनी आणि कृष्णवर्णीय आंदोलकांनी घडवलेल्या ‘वी शॅल ओव्हरकम’चे हिंदी रूप आहे. या गाण्याच्या मालकीचा वाद न्यायालयात गेला आणि २०१८ मध्ये मिटला.

गाणे आले कुठून?

त्याची मुळे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांत आहेत. १९४५ मध्ये साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे सिगार कारखान्यातील कामगार संपावर गेले. त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. लुसिल सिमन्स या कामगार तिथे हे गाणे संथ लयीत गात. भक्तिगीतातला ‘मी’ जाऊन ‘आम्ही’ आला. पुढे टेनेसीतील ‘हायलँडर फोक स्कूल’ या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात झिल्फिया हॉर्टन ते शिकल्या आणि त्यांच्याकडून लोकगायक पीट सीगर यांनी उचलले.

आंदोलनाचे गीत कसे झाले?

१९५९ मध्ये हायलँडरवर पोलिसांचा छापा पडला. दिवे बंद केलेल्या खोलीत बसलेल्या मुलांनी हेच गाणे धरले आणि ‘आम्हाला भीती नाही’ अशा अर्थाचे कडवे त्यात जोडले, अशी आठवण तिथे हजर असलेल्यांनी सांगितली आहे. कवी गिरिजाकुमार माथुर यांच्या हिंदी रूपातही निर्भयतेचे कडवे आहे.

१९६० मध्ये गाय कॅरावान यांनी ते विद्यार्थी आंदोलकांपर्यंत नेले. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात जोन बाएझ यांनी ते गायले. सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर लाठ्या चालल्यानंतर, १५ मार्च १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अमेरिकी काँग्रेससमोरील भाषणात गाण्याचे हेच शब्द उच्चारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला.

चित्रपटांनी काय केले?

कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’मध्ये (१९८३) शेवटी कैद्याच्या कपड्यांतले दोन निरपराध छायाचित्रकार मुंबईच्या रस्त्यावरून चालतात आणि मागे ‘हम होंगे कामयाब’ वाजते. भ्रष्ट मंडळी सुटलेली असतात. आशेचे गाणे तिथे बोचरा उपहास होते. ‘माय नेम इज खान’मध्ये (२०१०) मात्र जॉर्जियातील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नायक ते हिंदीत गातो. एका अर्थाने गाणे माहेरी परतते.

मालकीचा वाद काय होता?

१९६० च्या दशकात सीगर, कॅरावान, फ्रँक हॅमिल्टन आणि दिवंगत हॉर्टन यांच्या नावे स्वामित्वहक्क नोंदवला गेला. व्यापारी वापरातून गाण्याचे अवमूल्यन होऊ नये, असे त्याचे समर्थन केले जाई. लेखकांच्या वाट्याचे मानधन हायलँडरमार्फत दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या कार्यासाठी जात असे. मात्र, चित्रपटात गाणे वापरायचे तर प्रकाशकांची परवानगी आणि शुल्क आवश्यक होते.

२०१६ मध्ये एका माहितीपटाशी संबंधित संस्थेने दावा दाखल केला. ‘द बटलर’ चित्रपटाचे निर्मातेही त्यात सामील झाले. गाण्याच्या जुन्या रूपात ‘विल’ होते, नोंदणीकृत रूपात ‘शॅल’. एवढ्या किरकोळ बदलाने पहिले कडवे नवी निर्मिती ठरत नाही, असा निकाल न्यायाधीश डेनिस कोट यांनी २०१७ मध्ये दिला. जानेवारी २०१८ मध्ये तडजोड होऊन गाणे सर्वांसाठी खुले झाले.

याचा अर्थ काय?

हक्क राखण्यामागचा हेतू चांगला असला, तरी त्याच हक्कामुळे आंदोलनाचा इतिहास पडद्यावर सांगणाऱ्यांनाच परवान्यासाठी थांबावे लागले. जे गाणे अनेक तोंडी बदलत घडले, त्यावर एकाची पाटी लावणे कठीण असते. संपकरी स्त्रियांची नावे स्वामित्वहक्काच्या नोंदीत कुठेच नव्हती. आता ते गाणे गाण्यासाठी कुणालाही विचारावे लागत नाही. त्या स्त्रियांनीही कुणाला विचारले नव्हते.