साखरेचा आजार आणि दारातला कुत्रा

साखरेचा आजार म्हणजे श्रीमंतांचा आजार, बसून खाणाऱ्यांचा आजार, असा समज आपल्या वस्त्यांत कितीतरी वर्षे होता. आज नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगाराचे घर घ्या, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या काकांचे घ्या, नाहीतर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींचे घ्या. देवळीत नाहीतर टीव्हीवर गोळ्यांची पट्टी दिसतेच. आजार श्रीमंतांचा राहिला नाही. पथ्य आणि तपासणी मात्र अजून बऱ्याच अंशी श्रीमंतांचीच राहिली आहे, आणि खरी अडचण तिथे आहे.

या आजाराने आपल्या घरातला सर्वात मोठा माणूसही पोखरला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाबासाहेबांना मधुमेह होता. जोडीला रक्तदाब, संधिवात आणि पायांच्या शिरांचे दुखणे. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्यानंतर तेरा वर्षे बाबासाहेब एकटे राहिले. पुस्तके, दौरे, सभा, रात्री-अपरात्रीचे लिखाण. जेवणाची वेळ नाही की झोपेची नाही. साखरेच्या माणसाला याहून वाईट काय असणार?

१६ मार्च १९४८ रोजी त्यांनी एक पत्र लिहिले, ते आपल्या नाशिकलाच, दादासाहेब गायकवाडांना. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहापासूनचा हा जिवाभावाचा सहकारी. पुन्हा लग्न करायचे नाही असे मी ठरवले होते, पण परिस्थितीमुळे तो निश्चय मोडावा लागतो आहे, अशा आशयाचे ते पत्र. प्रकृती सांभाळणारे कोणी घरात नसेल तर आयुष्य फार उरणार नाही, असे डॉक्टरांनी त्यांना बजावले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम केलेल्या एम.बी.बी.एस. डॉक्टर. त्यांच्याविषयी समाजात पुढे बरेच उलटसुलट बोलले गेले. तो वाद इथे नको. पण मधुमेही माणसाच्या घरात पथ्य पाहणारे, औषधाची वेळ सांभाळणारे माणूस असणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आजार आहे त्यांना सांगायला नको. संविधानाचा मसुदा सभागृहात मांडणे, कलमागून कलम लढवणे हे सारे नोव्हेंबर १९४८ नंतरचे, म्हणजे या विवाहानंतरचे काम आहे. आजाराने पुढेही पिच्छा सोडला नाही. १० ऑगस्ट १९५१ ला पंतप्रधान नेहरूंना लिहिलेल्या पत्रात, प्रकृती चिंताजनक आहे, डॉक्टर महिनाभर सलग उपचारासाठी मागे लागले आहेत, तेव्हा हिंदू कोड बिल आधी घ्या, अशी त्यांची मागणी होती. औषधपाणी मागे आणि बिल पुढे! ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतही आपण आजारातून पुन्हा उभे राहिलो याचे श्रेय त्यांनी पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले होते. ती प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही.

दिल्लीच्या घरातले एक जुने छायाचित्र आहे. बाबासाहेब, माईसाहेब, घरचा आचारी सुदामा आणि सोबत कुत्रा. बाबासाहेबांना कुत्र्यांचा लळा होता, हे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी सांगितले आहे. हे छायाचित्र पाहिले की मला महाड आठवते. चवदार तळ्यावर गुरेढोरे, कुत्री-मांजरे पाणी पिऊ शकत होती, माणसाला बंदी होती. २० मार्च १९२७ ला ते पाणी ओंजळीत घेतले गेले. ज्या माणसाला कुत्र्याहून खालचा ठरवले गेले, त्याने कुत्र्यावर राग धरला नाही. जनावराने काय अपराध केला होता? अपराध माणसांचा होता, आणि भांडण माणसांशीच झाले.

मधुमेहाचे आणि कुत्र्याचे नाते मात्र याहून जुने आहे. १८८९ साली स्ट्रासबुर्ग शहरात मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघा डॉक्टरांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. कुत्रा सारखा लघवी करू लागला, तपासली तर लघवीत साखर. आजाराचे मूळ पोटातल्या या अवयवात आहे हे तेव्हा उमगले. पुढे १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरांटो येथे बँटिंग नावाचा तरुण डॉक्टर आणि बेस्ट नावाचा विद्यार्थी यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला. पहिल्या वेळी यश आले नाही, कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केल्यावर मुलगा सावरला. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे एवढाच उपचार होता. या शोधाचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले गेले. आज इन्शुलिनची किंमत पाहून ही गोष्ट खोटी वाटेल, पण खरी आहे. त्या प्रयोगात किती मुकी जनावरे गेली, याचीही आठवण असावी.

आता आपल्या गल्लीतल्या मोत्याकडे वळू. डॉक्टर म्हणतात रोज अर्धा तास चाला. आपण चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी पाय दुखतात, सहाव्या दिवशी पाहुणे येतात. कुत्रा मात्र ठरल्या वेळी दारात येऊन बसतो, त्याला कारणे पटत नाहीत. दुपारपाळी असो की रात्रपाळी, त्याला फिरवायला कोणीतरी बाहेर पडावेच लागते. निवृत्त, एकट्या माणसाला तर त्याच्याशी बोलायलाही मिळते. साखरेच्या रुग्णाचे मन पुष्कळदा खचलेले असते. घरातले त्याला पथ्यावरून बोलतात, तो चोरून जिलबी खातो, मग आणखी बोलणी. कुत्रा त्याच्या ताटात डोकावतो, पण त्याचा रिपोर्ट विचारत नाही.

फिरायला जाताना चप्पल नको, बूट घाला, आणि घालण्यापूर्वी उलटा करून झटका. साखरेने पायाची जाणीव कमी होते, खडा टोचलेला कळत नाही. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेची पुडी ठेवा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, एकदम भूक असे झाले की तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी बरे नसेल तर पुन्हा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. परदेशात रक्तातली साखर उतरली की वासाने ओळखणारी कुत्री शिकवून तयार करतात. साखर उतरली की श्वासातला आयसोप्रीन नावाचा वायू वाढतो, असे केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळले. आपला मोत्या शिकलेला नाही. तो गप्प आहे म्हणून साखर ठीक आहे असे धरून चालू नका.

कुत्रा मायेने पाय चाटतो. पायाला भेग, फोड किंवा जखम असेल तर चाटू देऊ नये. त्याच्या लाळेतले जंतू धडधाकट माणसाला एरवी काही करत नाहीत, साखरेच्या पायाला मात्र महागात पडू शकतात. रोज रात्री पाय धुऊन, पुसून, उजेडात तळवा पाहावा. स्वतःला दिसत नसेल तर नातवाला पाहायला सांगावे.

आणखी एक. कुत्र्यालाही मधुमेह होतो. आपल्याला बंद केलेली बिस्किटे आणि पेढे आपण कौतुकाने त्याला घालतो, ते बरे नव्हे. आणि द्राक्षांच्या या जिल्ह्यात मुद्दाम सांगायला हवे, की द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे बाधतात, त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. भाकरीचा तुकडा चालेल.

पाळलेल्या कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. कुत्रा चावलाच, मग तो घरचा असो वा रस्त्यावरचा, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे, लस तिथे मोफत मिळते. जखम खोल असेल तर लसीबरोबर वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते. साखर असल्यामुळे लस बाधेल ही भीती निराधार आहे. उलट साखरेच्या माणसाने डॉक्टरांना आपला आजार आधीच सांगावा, म्हणजे जखमेकडे ते अधिक लक्ष देतील, आणि ठरलेल्या सगळ्या तारखांना जाऊन लस पुरी करावी.