ट्रायल्सची बुलेट: करवत चालवण्याआधी

रविवारी आणि बुधवारी पुण्याच्या मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो. तिथे ताडपत्रीवर पाने, जुने मीटर, बंद पडलेली घड्याळं यांच्या गर्दीत एकदा मला रॉयल एनफिल्ड बुलेटचं कॅस्केट दिसलं. कॅस्केट म्हणजे हेडलाइट, मीटर आणि दोन बारके पार्किंग दिवे ज्यात बसतात ती पुढची ओतीव टोपी. पुढच्या फोर्कच्या नळ्या वरून तीच धरून ठेवते. या कॅस्केटच्या एका कडेला हॅकसॉच्या ताज्या खुणा होत्या. विकणाऱ्याला विचारलं, तर म्हणाला, "पोरं गाडी ट्रायल करतात ना, तेव्हा हे काढून टाकतात."

पुण्यात जुनी बुलेट घेऊन तिची 'ट्रायल्स' करण्याची हौस वाढते आहे. हौस मलाही आहे, म्हणूनच त्या खुणा बघून वाईट वाटलं. हे नुकसान बहुतेक वेळा चुकीच्या माहितीमुळे होतं.

पहिला घोटाळा नावातच आहे. ट्रायल्स म्हणजे मातीतली शर्यत, असं अनेकांना वाटतं. ट्रायल्समध्ये वेग मोजतच नाहीत. दगड, ओढा, चिखल, चढ अशा आखलेल्या टप्प्यातून पाय न टेकता जायचं असतं. पाय टेकला की दंडाचा गुण, गाडी थांबली की आणखी जास्त. सर्वांत कमी गुणांचा स्वार जिंकतो. म्हणून या गाडीला चालण्याच्या वेगाने खेचणारा गिअर, दगडाला न घासणारा उंच सायलेन्सर, मोठं पुढचं चाक आणि कमी हवेचे टायर लागतात. सायलेन्सर उंच असतो तो दगड चुकवण्यासाठी. मोठ्या आवाजाशी त्याचा काही संबंध नाही.

'बुलेट ही रस्त्यावरची जड गाडी, तिचं ट्रायल्सशी काय नातं?' हा प्रश्नही नेहमी येतो. नातं जन्माचं आहे. मागच्या चाकाला स्विंग आर्मचं सस्पेन्शन असलेल्या बुलेटचे नमुने पहिल्यांदा लोकांसमोर आले तेच १९४८ च्या फेब्रुवारीत, इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये. मागे सस्पेन्शन दिलं तर चाकाची पकड सुटेल, असं तेव्हाचे जाणते स्वारही मानत. तरी त्याच वर्षी इटलीतल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत बुलेटने सुवर्णपदकं मिळवली. पुढे जॉनी ब्रिटन याने रॉयल एनफिल्डवर १९५२ आणि १९५७ मध्ये स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. २०१९ मध्ये भारतात निघालेल्या बुलेट ट्रायल्स ३५० आणि ५०० या गाड्या त्याच आठवणीसाठी होत्या.

त्या २०१९ च्या गाडीचे भाग जुन्या बुलेटला चालतील, असं मात्र समजू नका. तिचं इंजिन नव्या घडणीचं आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेलं. जुन्या बुलेटचं इंजिन बिडाच्या सिलिंडरचं, गिअरबॉक्स वेगळा, गिअर उजव्या पायाला. टाकी, सीट, सायलेन्सर सारखे दिसले तरी बसवण्याच्या जागा जुळवून पाहाव्याच लागतात.

आता सुट्या भागांचं. 'खरे भाग इंग्लंडहूनच मागवावे लागतात' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे! वास्तव जवळजवळ उलटं आहे. रॉयल एनफिल्डचा इंग्लंडमधला रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला. मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला १९५६ पासून हीच बुलेट बनत होती, आणि १९७७ पासून ती इंग्लंडला जाऊ लागली. म्हणजे मूळ रचना आपल्याकडे पुढे अनेक दशकं जिवंत राहिली. त्यामुळे पिस्टन, बुश, क्लच प्लेट, पॉइंट, केबल यांसाठी आधी नाना पेठेतल्या दुकानांत फेरी मारा. ३५० चा मूळ बोअर ७० मिलिमीटर. झिजला असेल तर सिलिंडर मापून, लेथवर बोअर करून 'वीस थाऊ'चा, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसतो. यात दुर्मीळ असं काही नाही.

दुर्मीळ आहेत ते कॅस्केट, जाड पत्र्याचे मूळ मडगार्ड, टूलबॉक्स. नेमकं हेच सगळं ट्रायल्स रूप देताना काढलं जातं.

आणखी एक चूक गॅरेजमध्ये रोज घडते: 'नट तो नट, बसला म्हणजे झालं.' जुन्या इंग्लिश घडणीच्या गाडीवर ५/१६ इंचाचा बोल्ट असतो. त्याची जाडी ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे ८ मिलिमीटरचा नट त्यावर बसेलसा वाटतो. हाताने दोन आटे चढतो आणि अडतो. कारण त्या बोल्टच्या 'सायकल थ्रेड'मध्ये इंचाला २६ आटे असतात, तर ८ च्या नेहमीच्या नटात सुमारे २०. इथे पान्याने जोर लावला की बोल्टचे आटे गेले, आणि तो बोल्ट क्रँककेसमधला असेल तर खर्च हजारांत जातो. नट हाताने पूर्ण फिरला पाहिजे. अडला तर थांबा.

कागदपत्रांबद्दलही भीती फार आहे. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, असं नाही. ती बंदी दिल्ली परिसरातली. आपल्याकडे तपासणीत गाडी योग्य ठरली की नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. 'व्हिंटेज' नोंदणी हा वेगळा प्रकार. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली गाडीच त्यात बसते. नवी नोंदणी असेल तर शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज कामावर नेता येत नाही. चेसिस कापलेली किंवा इंजिनात फेरफार केलेली गाडी या व्याख्येतून बाहेर पडते. म्हणजे ट्रायल्स रूप देण्यासाठी मागची चौकट कापली, तर पन्नास वर्षांचं वय असूनही तो मान गेला.

माझं स्पष्ट मत आहे: ट्रायल्स रूप द्यायचं तर फक्त नट-बोल्टने, वेल्डिंग आणि करवतीशिवाय. पुढे लहान हेडलाइटचा वेगळा फोर्क लावा, मूळ फोर्क कॅस्केटसकट तेल लावून माळ्यावर ठेवा. चेसिस आणि इंजिनचा क्रमांक रंगाखाली बुजू देऊ नका आणि तो पुन्हा ठोकून घेण्याच्या सल्ल्याला कधीही बळी पडू नका. परवानगीशिवाय तसं करणं गुन्हा आहे. सुरुवात करण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, आणि नाना पेठेत जाताना झिजलेला भाग पिशवीत घालून न्या. दुकानदार तो हातात घेऊन जुळवून देतो.