मांडी ही बाळाची जागा नव्हे

अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९७७ साली एक कायदा मंजूर केला. मोटारीतून प्रवास करणाऱ्या लहान मुलांना खास आसनात बसवणे सक्तीचे करणारे ते त्या देशातले पहिले राज्य. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाने त्यासाठी लोकप्रतिनिधींचे उंबरे झिजवले होते. पण कायदा संमत होताना त्यात एक पळवाट राहिली. मुलाला मोठ्या माणसाने हातात धरले असेल, तर आसन नसले तरी चालेल! आईच्या कुशीहून सुरक्षित जागा कोणती असणार, हा त्यामागचा भाबडा विचार. या सवलतीला विरोध करणाऱ्यांनी तिला ‘मूल चिरडणारी तरतूद’ असेच नाव दिले. १९८१ मध्ये ती रद्द झाली आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले. आपल्या मनातून मात्र ती सवलत अजून गेलेली नाही. द्रुतगती मार्गाच्या कुठल्याही टोलनाक्यावर पाच मिनिटे उभे राहिले, तर पुढच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर बाळ हे दृश्य हमखास दिसते.

ही समजूत का चुकीची आहे, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानावरून कळते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी समोरून आदळली, तर ती साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात थांबते. गाडी थांबते, आतली माणसे मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतात. १० किलो वजनाच्या वर्षभराच्या मुलाला तेवढ्या वेळात थांबवायचे, तर सरासरी १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लावावी लागते, तीही धक्का बसणार याची कल्पना नसताना. जगातल्या कोणत्याही आईबापाच्या हातात ती नसते. मूल हातातून सुटते आणि डॅशबोर्डवर किंवा काचेवर आदळते. आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिचे सारे वजनही मुलावरच येते. या वेगाने आदळणे म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडण्यासारखे आहे. तिथे कठड्याला टेकून उभे असताना मूल निसटेल या विचारानेही आपल्या अंगावर काटा येतो. गाडीत तो येत नाही, कारण वेग डोळ्यांना उंचीसारखा दिसत नाही.

मग गाडीतला पट्टा मुलालाही लावला तर? इथे दुसरी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते. ते जड डोके पेलणारे मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात आणि त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात. तोंड पुढे करून बसवलेल्या बाळाचे धड पट्ट्याने अडले, तरी डोके पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. स्वीडनमधले संशोधक बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात यावर उत्तर शोधले. जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या, पाठीवर भार घेणाऱ्या आसनांवरून त्यांना कल्पना सुचली: बाळाला उलटे, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवायचे. मग धक्का बसल्यावर डोके, मान आणि पाठ एकत्रच आसनाच्या पाठीत रुततात आणि भार सगळीकडे वाटला जातो. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मुलांना असे बसवण्याची पद्धत रुळली आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये आसनाची वजन-उंचीची मर्यादा गाठेपर्यंत मुलाला उलटेच बसवा, असे सांगितले. पाय अवघडतील ही पालकांची शंका असते. पण मुले मांडी घालून मजेत बसतात, आणि जपायची असते ती मान.

चार-पाच वर्षांच्या मुलाचा प्रश्न वेगळा. गाडीतला पट्टा कमरेच्या हाडावर आणि खांद्यावर बसावा असा बनवलेला असतो. लहान मुलाचे कमरेचे हाड पट्टा अडवण्याइतके वाढलेले नसते. शिवाय गुडघे सीटच्या कडेपर्यंत पोहोचत नाहीत म्हणून ते पुढे घसरून बसते. परिणामी पट्टा पोटावर चढतो, आणि अपघातात आतडी व कमरेचा मणका यांना गंभीर इजा होते. वरचा पट्टा गळ्याला काचतो, म्हणून मूल तो काखेखाली घेते आणि उरलेले संरक्षणही जाते. मुलाला उंच करून पट्टा योग्य जागी आणणारे बूस्टर आसन यासाठी असते.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला गेला आहे आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी २००५ मध्ये जीवघेण्या अपघातांच्या नोंदी तपासून मांडले, की दोन वर्षांवरील मुलांचे मृत्यू टाळण्यात साधा पट्टा आसनाइतकाच उपयोगी ठरतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधकांनी अधिक विस्तृत विदा घेऊन हिशेब केला. त्यांना दोन ते सहा वयोगटात, गंभीर चुका न करता वापरलेल्या आसनामुळे मृत्यूचा धोका नुसत्या पट्ट्यापेक्षा २८ टक्के कमी आढळला. वाद आहे तो मोठ्या मुलांपुरता आणि पट्ट्याशी तुलना करताना. मांडीच्या बाजूने कोणतेही संशोधन उभे नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार आसनामुळे वर्षाखालील बाळांचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी घटतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसुरक्षा आसन नसेल, तर चालकाला १,००० रुपये दंड आहे. तीन वर्षांच्या मुलासाठीही हे दोन्ही पर्याय एकाच पंक्तीला बसवणे ही कायद्यातली मोठी उणीव आहे. ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही गाड्यांची सुरक्षा चाचणी त्यांना मुलांच्या सुरक्षेसाठीही तारे देते. पण त्या चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे आसनात बसवलेले असतात. तारे पाहून गाडी घ्यायची आणि आसन घ्यायचे नाही, तर त्या ताऱ्यांचा मुलाला काय उपयोग?

आम्ही गावातल्या गावातच फिरतो, असे बरेच जण म्हणतात. ताशी ३० किलोमीटरला आदळणेही पहिल्या मजल्यावरून पडण्याइतके आहे. मूल रडते, हे खरे. पण ज्याला पहिल्या प्रवासापासून आसनाची सवय लागते, त्याला दुसरी जागा ठाऊकच नसते. खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. आसनाला काही हजार रुपये लागतात आणि दोन-तीन वर्षांत ते लहान पडते. नात्यात, ओळखीत एकाचे दुसऱ्याला द्यावे. फक्त ते अपघातातून गेलेले नाही आणि त्यावर छापलेली मुदत संपलेली नाही, एवढे पाहावे. ज्यांच्याकडे चारचाकीच नाही, त्यांच्यासाठीही नियम आहे: चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला जोडणारा सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० ची वेगमर्यादा.

आसन आणले की काम झाले, असेही नाही. ते मागच्या सीटवर घट्ट बसवावे. पट्टा जिथून ओवला आहे तिथे धरून हलवले, तर ते इंचभराहून जास्त सरकता कामा नये. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी सापडली तर तो सैल आहे. थंडीत जाड स्वेटरवरून पट्टे आवळू नयेत. पट्टे लावून मग वरून दुपटे पांघरावे. आणि चालू एअरबॅगसमोर उलटे आसन कधीही ठेवू नये. फुटणारी एअरबॅग आसनाच्या पाठीवर, म्हणजे नेमकी बाळाच्या डोक्यामागे आदळते.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि दोन-तीन महिन्यांचे बाळ घेऊन आई सासरी परतते. पुष्कळ बाळांचा तोच पहिला लांबचा प्रवास. बारशाला पाळणा, वाळे, चांदीची वाटी येतेच. यंदा घरात बारसे असेल, तर मामा, आत्या, काका यांनी वर्गणी काढून बाळासाठी कार सीट घ्यावी आणि परतीच्या दिवसाआधी ती गाडीत बसवून द्यावी.