हजेरीपट मिटल्यानंतर
(महाविद्यालयीन विद्यार्थी : प्रेरणा, व्यायाम आणि व्यवसायाची तयारी)

विद्यार्थ्यांच्या शारीरिक तपासणीच्या नोंदी वर्षानुवर्षे जपून ठेवण्याची प्रथा अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात होती. विद्यार्थ्याची उंची किती, वजन किती, तो धूम्रपान करतो काय, विद्यापीठाच्या कोणत्या संघातून तो खेळतो, अशी माहिती या नोंदींत असे. विद्यार्थी पदवी घेऊन निघून जाई. कागद मात्र कपाटात पडून राहत. राल्फ पॅफेनबर्गर या रोगप्रसार-शास्त्रज्ञाने हे कागद बाहेर काढले आणि त्या जुन्या विद्यार्थ्यांना, जे आता प्रौढ गृहस्थ झाले होते, प्रश्नावल्या पाठविल्या. तुम्ही रोज किती जिने चढता, किती अंतर चालता, आठवड्यात कोणता खेळ किती वेळ खेळता, असे साधे प्रश्न त्यांत होते. मिळालेल्या उत्तरांवरून प्रत्येकजण आठवड्यात शारीरिक हालचालीसाठी किती उष्मांक खर्च करतो, याचा त्यांनी अदमास बांधला.

या संशोधनाचा एक महत्त्वाचा निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १६,९३६ माजी विद्यार्थ्यांचा विचार केलेला होता. हे सर्व पुरुष १९१६ ते १९५० या काळात विद्यापीठात दाखल झालेले होते. आठवड्याला २,००० उष्मांकांहून कमी हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा धोका अधिक हालचाल करणाऱ्या त्यांच्या सहाध्यायांपेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त आढळला. व्यायामाने प्रकृती सुधारते हे आपले वाडवडीलही सांगत आले; तेव्हा एवढ्यावरच हा निबंध संपता तर त्याचे विशेष कौतुक वाटले नसते. खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. महाविद्यालयात असताना ज्यांनी विद्यापीठाच्या संघातून खेळून नाव मिळविले आणि पुढे खुर्चीला खिळून राहिले, त्यांच्या जुन्या पराक्रमाचा त्यांच्या हृदयाला काही लाभ झालेला दिसला नाही. उलट, विद्यार्थिदशेत ज्यांना कोणी खेळाडू म्हणून ओळखत नव्हते, पण ज्यांनी पुढील आयुष्यात नेमाने चालणे, जिने चढणे, खेळणे चालू ठेवले, त्यांचा धोका कमी झाला होता. मैदानावरची कमाई ठेवीप्रमाणे साठवून तिच्या व्याजावर म्हातारपण काढता येत नाही, असा याचा अर्थ.

पॅफेनबर्गर यांनी हा निष्कर्ष स्वतःलाही लावून घेतला. वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास त्यांनी धावण्यास प्रारंभ केला आणि पुढे बॉस्टनची मॅरेथॉन शर्यत अनेकदा पुरी केली. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

या संशोधनाला मर्यादा आहेत हे सांगितले पाहिजे. त्यात स्त्रिया नव्हत्या. सारे विद्यार्थी एका संपन्न विद्यापीठातले होते. परंतु शिक्षणसंस्थांच्या दृष्टीने त्याने एक अवघड प्रश्न उभा केला आहे. महाविद्यालयातील तीन-चार वर्षांत विद्यार्थी किती पळाला याला फारसे महत्त्व नसून, हजेरीपट मिटल्यानंतर तो पळत राहिला की नाही याला महत्त्व असेल, तर तो पुढेही पळत राहावा म्हणून काय करावे?

कोडे आणि डॉलर

या प्रश्नाचा एक धागा व्यायामशाळेत न सापडता मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत सापडतो. डेन्मार्कच्या पीट हाइन या कवी-गणितज्ञाने शोधलेले ‘सोमा’ नावाचे एक कोडे आहे. लहान घन चिकटवून बनविलेले सात वेडेवाकडे तुकडे जुळवून एक मोठा घन करावयाचा. याच तुकड्यांतून इतरही अनेक आकृती साधतात. एकदा हाती घेतले की सहजी खाली ठेववत नाही, अशी या कोड्याची ख्याती आहे.

एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे कोडे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सोडवावयास दिले. विद्यार्थी अवघे २४ होते आणि त्यांचे दोन गट केले होते. प्रत्येकजण तीन वेळा प्रयोगशाळेत आला. पहिल्या वेळी कोणालाच काही दिले नाही. दुसऱ्या वेळी एका गटाला प्रत्येक आकृती जमली की एक डॉलर मिळे. तिसऱ्या वेळी पुन्हा कोणालाच काही नाही. प्रत्येक बैठकीच्या मध्येच प्रयोगकर्ता काही निमित्त सांगून आठ मिनिटे खोलीबाहेर जाई. खोलीत मासिके पडलेली असत. विद्यार्थ्याने वाटेल ते करावे. प्रयोग खरा होता तो या आठ मिनिटांचा. कोणी पाहत नाही अशा समजुतीत विद्यार्थी आपण होऊन किती वेळ कोड्याशी खेळतो, हे पलीकडून घड्याळ लावून मोजले जात होते.

ज्यांना मध्ये पैसे मिळाले होते, त्यांचा हा मोकळा वेळ पहिल्या बैठकीपेक्षा तिसऱ्या बैठकीत घटला; ज्यांना कधीच काही मिळाले नव्हते, त्यांचा किंचित वाढला. फरक मोठा नव्हता आणि एवढ्या थोड्या विद्यार्थ्यांवरून ठाम विधान करणे धाडसाचेच होते. त्यामुळे पुढे या विषयावर पुष्कळ प्रयोग झाले आणि पुष्कळ वादही झाला. त्याच निबंधातील दुसरा एक निष्कर्ष मात्र लोकांच्या फारसा लक्षात राहत नाही. पैशांऐवजी शाब्दिक शाबासकी दिली असता विद्यार्थ्यांचे स्वारस्य कमी झाले नाही, उलट टिकून राहिले. तेव्हा बक्षीस वाईट असा सरसकट निवाडा येथे नाही. बक्षिसाने ‘हे तू आमच्यासाठी करीत आहेस’ असे सुचविले, तर मन त्या कामापासून दूर सरते; ‘तुला हे साधते आहे’ असे सुचविले, तर जवळ येते.

याच विचारातून डेसी व त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे एक सिद्धांत मांडला. मनुष्याच्या प्रेरणेला तीन गोष्टींचे खतपाणी लागते, असे ते म्हणतात : आपण हे स्वतःच्या इच्छेने करीत आहोत ही भावना, आपल्याला हे जमते ही जाणीव, आणि सोबतीच्या माणसांशी आपुलकीचा संबंध. आपल्याकडील जुन्या तालमींकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तेथे शिस्त कडक असे. परंतु वस्ताद प्रत्येकाला त्याच्या ताकदीप्रमाणे जोडीदार देई, आणि आखाड्याची माती सर्वांनी मिळून उकरावी लागे.

सक्तीचा एक मोठा अनुभव आपल्या देशानेही घेतलेला आहे. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेली राष्ट्रीय छात्रसेना १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सक्तीची करण्यात आली आणि १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तीत नाव घालणाऱ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करावी अशी अपेक्षा असते. तास पुरे करून प्रमाणपत्र घेणारा विद्यार्थी आणि तास पुरे झाल्यावरही त्या वस्तीत जात राहणारा विद्यार्थी, हे दोघेही कागदावर सारखेच दिसतात. डेसींची आठ मिनिटे आपल्या नोंदवहीत कोठेच मोजली जात नाहीत.

सुटी येते तेव्हा

एवढे वाचून पैशांचे आमिष निरुपयोगीच असे कोणास वाटेल. पण गॅरी चार्नेस आणि उरी ग्नीझी या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये उलट दिशेचा पुरावा पुढे ठेवला. शिकागो आणि सॅन डिएगो येथील विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांनी महिनाभरात आठ वेळा व्यायामशाळेत गेल्यास १०० डॉलर देऊ केले. पैसे बंद झाल्यावर ही मंडळी घरी बसतील असा तर्क होता. परंतु नंतरच्या आठवड्यांतही त्यांचे जाणे इतरांपेक्षा बरेच अधिक राहिले. ही वाढ मुख्यतः पूर्वी व्यायामशाळेत नियमित न जाणाऱ्यांमध्ये दिसली, हे ध्यानात घ्यावे. कोड्यात मुळातच गोडी होती. ती पैशाने झाकोळली. व्यायामाची गोडी ज्याने कधी चाखलीच नव्हती, त्याला पैशाने निदान दारापर्यंत तरी आणले. दोन्ही निष्कर्षांत मला विरोध दिसत नाही.

मात्र या आशेलाही एक खिंडार आहे. बर्कले येथे डॅन ॲकलँड आणि मॅथ्यू लेव्ही यांनी असाच प्रयोग केला. पैसे थांबल्यावर काही काळ सवय टिकली. मग हिवाळ्याची सुटी आली, विद्यार्थी आपापल्या घरी गेले, आणि परतल्यावर ती सवय बरीचशी विरून गेलेली आढळली. परीक्षा आणि दिवाळीची सुटी यांनी मोडलेले व्यायामाचे संकल्प ज्याने पाहिले असतील, त्याला या निष्कर्षासाठी बर्कलेपर्यंत जाण्याची गरज नाही!

सवय जडण्यास किती दिवस लागतात? २१ दिवसांचा आकडा सर्वत्र ऐकू येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांवर केलेली पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एखादी नवी कृती आपोआप घडू लागण्यास साधारणतः ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, तर कोणाच्या बाबतीत गणित २५४ दिवसांपर्यंत गेले. व्यायामाची सवय खाण्यापिण्याच्या सवयीपेक्षा उशिरा जडली. एखादा दिवस चुकला म्हणून मात्र विशेष बिघडले नाही, ही दिलासा देणारी गोष्ट. आपले एक सत्र किती दिवसांचे असते आणि त्यात खाडे किती पडतात, हे पाहिले म्हणजे या आकड्यांचा अर्थ अधिक चांगला कळतो.

व्यायाम आणि प्रेरणा यांवरील ६६ संशोधनांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये पेद्रू तेशैरा आणि सहकाऱ्यांनी घेतला. ‘हे माझ्या हिताचे आहे’ हे पटल्याने मनुष्य व्यायामास प्रारंभ करतो. दीर्घकाळ टिकतो तो त्यात आनंद वाटू लागला म्हणजे, असा त्याचा आशय आहे.

मला हे जमेल काय?

आता व्यवसायाच्या तयारीकडे वळू. मैदान आणि नोकरी यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. दोहोंना जोडणारी कल्पना अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडली. तिला आपण ‘स्वक्षमतेचा विश्वास’ म्हणू. एखादे विशिष्ट काम आपल्याला पार पाडता येईल काय, याविषयीचा हा आपला स्वतःचा अंदाज होय. सापाची विलक्षण भीती असलेल्या लोकांवर बँड्युरा यांनी प्रयोग केले. दुसरा मनुष्य साप हाताळतो आहे हे नुसते पाहणाऱ्यांपेक्षा, मदतीच्या आधाराने पायरीपायरीने स्वतः साप हाताळणाऱ्यांचा विश्वास अधिक वाढला. उपदेश, दुसऱ्याचे उदाहरण आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था यांचाही परिणाम होतो. पण स्वतः करून पाहिलेल्या गोष्टीची बरोबरी त्यांना येत नाही.

नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट यांनी १९८१ मध्ये हीच कसोटी महाविद्यालयीन विद्यार्थी-विद्यार्थिनींना व्यवसायनिवडीच्या बाबतीत लावली. निरनिराळ्या व्यवसायांची नावे सांगून, यासाठी लागणारे शिक्षण आणि हे काम तुम्हांला जमेल काय, असे त्यांनी विचारले. मुलांचा विश्वास सर्व व्यवसायांबाबत साधारण सारखा होता. मुलींचा विश्वास ‘बायकांची कामे’ म्हणून रूढ असलेल्या व्यवसायांत जास्त आणि पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या व्यवसायांत कमी आढळला. वस्तुतः क्षमता मोजणाऱ्या परीक्षेत मुले आणि मुली यांत तसा फरक नव्हता. म्हणजे अभियंता होण्यास लागणारी पात्रता अंगी असूनही ‘ते आपले काम नव्हे’ म्हणून ती वाट सोडून दिली जात होती. गुणपत्रिकेवर दिसत नसलेले हे नुकसान आहे. व्यवसाय-मार्गदर्शन म्हणजे केवळ नोकऱ्यांची यादी व अर्जाचे नमुने पुरविणे असे समजणाऱ्या कार्यालयाला याचा पत्ताही लागणार नाही.

पहिल्या दिवशी मैदानाच्या एका फेरीत जिला धाप लागली, ती विद्यार्थिनी तीन महिन्यांनी पाच फेऱ्या सहज मारते, तेव्हा ‘मला जमले’ याचा पुरावा तिच्या स्वतःच्या देहात असतो. पण मैदानावर मिळालेला हा विश्वास मुलाखतीच्या खोलीत बरोबर येतो काय? बँड्युरा यांच्या मते हा विश्वास ज्या-त्या कामापुरता असतो. तो आपोआप सर्वत्र पसरत नाही. पाहण्यांतून पुष्कळदा असे दिसते की नियमित व्यायाम करणारे विद्यार्थी स्वतःच्या भवितव्याविषयी अधिक आश्वस्त असतात. अशा पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. एकाच दिवशी एकच प्रश्नावली भरून घेतली, तर व्यायामाने आत्मविश्वास आला की आत्मविश्वासाने मनुष्य मैदानावर गेला, हे कसे ठरवावे? शिवाय तिसरे कारण नेहमीच दडलेले असते. जो विद्यार्थी पहाटे वृत्तपत्रे टाकतो, दोन गाड्या बदलून महाविद्यालयात येतो आणि सायंकाळी शिकवण्या करतो, त्याला व्यायामालाही वेळ नाही आणि व्यवसाय-मार्गदर्शकाला भेटण्यासही नाही. त्याच्या प्रश्नावलीत दोन्ही रकाने रिकामे राहतील; त्यावरून त्याला प्रेरणा नाही असे म्हणणे हा शुद्ध अन्याय ठरेल.

हा मुद्दा आपल्या देशात विशेष महत्त्वाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड येथील वीस वर्षे व त्यावरील वयाच्या १४,२२७ लोकांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ५४.४ टक्के लोक शारीरिक दृष्ट्या निष्क्रिय आढळले. शहरांत हे प्रमाण ६५ टक्के, तर खेड्यांत ५० टक्के होते. जे सक्रिय होते त्यांची हालचाल बहुधा कामाच्या निमित्ताने घडणारी होती. करमणूक म्हणून, आपखुशीने शारीरिक हालचाल करणारे शेकडा दहासुद्धा नव्हते. ज्या मोकळ्या आठ मिनिटांचे मोजमाप डेसींनी केले, ती मुळात कोणाच्या वाट्याला येतात, आणि आलीच तर मैदान किती दूर असते, ते सायंकाळी किती वाजता बंद होते, मुलींना तेथे किती वेळ मिळतो, हे प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या गावात एका आठवड्यात मोजता येण्यासारखे आहे.