नौकेचें अडलेलें झाकण

पावसाळ्यांत मेजाचा खण अडणें, खिडकीचें दार चौकटींत रुतून बसणें, हे प्रकार आपल्या वाचकांपैकीं कोणासही परके नाहींत. घरांत त्यामुळें फार तर एखादी पावती वेळेवर हातीं लागत नाहीं. हाच प्रकार नौकेवर घडला म्हणजे त्याचें स्वरूप किती पालटतें, याचा अनुभव आमच्या कुटुंबास गेल्या श्रावणांत आला. तो येथें देत आहें.

आमचा पुतण्या व्यापारी जहाजांवरील नोकरींतून निवृत्त झाला आणि त्यानें गोव्यांत एक जुनी, सव्वीस फुटी शिडाची नौका विकत घेतली. (त्याच्या आईस हें अद्याप मान्य नाहीं.) पावसाळ्यापुरती ती मांडवीच्या कांठीं पाण्याबाहेर काढून ठेविलेली असते. अशा नौकेच्या खोलींत उतरण्याचा मुख्य मार्ग एकच, आणि तोही अरुंद. वर एक आडवें सरकतें झाकण. त्याखालीं, चौकटीच्या खांचांत एकावर एक बसविलेल्या फळ्यांचें उभें दार. झाकणाची कड सर्वांत वरच्या फळीवर येते, म्हणून झाकण पुढें सारल्याखेरीज फळ्या निघत नाहींत.

त्या दिवशीं पुतण्यानें बऱ्याच खटाटोपानें झाकण उघडलें होतें. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा लपंडाव खेळतां खेळतां फळ्यांवरून आंत उतरला आणि लटकून त्यानें झाकण आपल्यावर ओढून घेतलें. उघडावयास गेला, तों तें हालेना. बाहेरून बाप एका कोपऱ्यास धरून जोर करूं लागला. झाकण अधिकच रुतलें. नौकेच्या पुढच्या टोंकाकडील लहान झरोका आंतून खिट्टीनें बंद होता व ती खिट्टी मुलाच्या हातास पुरेना. आंतील उकाडा आणि मुलाचा बदलत चाललेला आवाज यांनीं आमचे हातपाय गळाले.

तेवढ्यांत मला शाळेंतील मेजाचा खण आठवला. रुंद खण एकाच बाजूनें ओढला म्हणजे तो तिरपा होतो आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत अडकतो. मग जितका जोर करावा तितका तो घट्ट. मीं पुतण्यास थांबविलें. झाकण प्रथम किंचित् मागें हाणून सरळ केलें, मग दोघांनीं दोन बाजूंस उभे राहून एकाच वेळीं सारखा रेटा दिला. चार बोटें फट पडली, मग वीतभर. मुलगा घामानें निथळत बाहेर आला आणि त्यानें पाणी मागितलें.

नौका जमिनीवर होती म्हणून हें एवढ्यावर निभावलें. भर समुद्रांत अडलेलें झाकण आंतल्यास कोंडतें, आणि उघडें राहून अडलें तर लाटेस आंत घेतें. १९७९ सालीं आयर्लंडजवळील फास्टनेट खडकास वळसा घालणाऱ्या नौकांच्या शर्यतींत वादळ होऊन पंधरा स्पर्धक दगावले. पुढें झालेल्या चौकशींत प्रवेशमार्गाच्या या फळ्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न मुद्दाम पुढें आला. आज समुद्रशर्यतींचा असा नियम आहे कीं, या झाकणाचा बंदोबस्त आंतून व बाहेरून दोन्हीकडून चालवितां आला पाहिजे, नौका उलटली असतांही. २००९-१० सालीं दिलीप दोंदे यांनीं गोव्यांतच बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्या माणसास बाहेरून रेटा देणारा पुतण्या कोठून असणार!

दुसऱ्या दिवशीं पुतण्या रंधा घेऊन आला. लाकूड फुगलें आहे, दोन्ही कडा तासून टाकूं, असें त्याचें म्हणणें. मीं त्यास तो खालीं ठेवावयास लावला. भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत नौकांचे सर्वमंदिरा, मध्यमंदिरा, अग्रमंदिरा असे भेद खोलीच्या स्थानावरून दिले आहेत, तेवढेंच माझें नौकाशास्त्र. पण येथें उपयोगी पडला तो खडू.

मागच्या टोंकाचे दोन अटकाव-ठोकळे काढून आम्हीं झाकण बाहेर ओढलें. ज्या पट्ट्यांवर तें सरकतें त्यांवर ग्रीसचा काळा चिखल झालेला. आदल्या वर्षीं एका कारागिरानें तें सढळ हातानें चोपडलें होतें. त्यांत वाळू आणि मीठ मिसळून सहाणेवरच्या गंधासारखा लगदा बनला होता. तो खरवडून, पट्ट्या गोड्या पाण्यानें धुऊन पुसल्या, कारण मीठ राहिलें तर हवेंतली ओल ओढीत राहतें. वाळल्यावर पट्ट्यांवर व त्यांच्या बाजूंवर निळा खडू घांसला, झाकण बसवून दोनदां सरकविलें, आणि पुन्हां काढून पाहिलें. खडू सर्व कडांस लागला नव्हता, दोनच ठिकाणीं लागला होता. डावीकडे मागें एका स्क्रूचें डोकें वर आलेलें. उजवीकडे पुढें वर्षानुवर्षांच्या व्हार्निशचा उंचवटा. फुगवटा होता, पण तो मुख्य अपराधी नव्हे. स्क्रू खोल बसविला, उंचवटा काचकागदानें घांसला आणि दोन्ही पट्ट्यांवर साधी मेणबत्ती चोळली. मेण कोरडें राहतें, वाळू धरीत नाहीं.

आतां लाकडाच्या फुगण्याविषयीं. लाकूड लांबींत जवळ जवळ वाढत नाहीं. वाढतें तें रुंदींत. आमच्या झाकणाच्या फळ्या नौकेच्या लांबीच्या दिशेनें जोडलेल्या, म्हणजे त्यांचा फुगवटा नेमका बाजूच्या चौकटीवर येतो. चोवीस इंच रुंदींत शेंकडा एक फरक पडला, तरी तो जवळ जवळ पाव इंच होतो. श्रावणांत झाकण भरपूर ओल पिऊन जास्तींत जास्त रुंद झालेलें असतें. तेव्हां फटींत दोन्ही बाजूंनीं एकेक पोस्टकार्ड सहज फिरलें कीं पुरे. त्याच दिवसांत मोकळें व्हावें म्हणून भरपूर तासलें, तर वैशाखांत तें खडखडेल व समुद्राचें पाणी आंत घेईल. उलट वैशाखांत नवें झाकण बसविणारानें फट बरीच अधिक सोडावी. आमच्याकडे पोस्टकार्ड उजवीकडे अडलें, म्हणून त्या बाजूस रंधा दोनदांच फिरविला, आणि उघडें पडलेलें लाकूड रंगानें बंद केलें. झाकणाची खालची बाजूही रंगविली. ती पुष्कळ लोक कोरी ठेवितात, मग एका अंगानें ओल पिऊन फळ्या वांकतात.

पुतण्यानें पुढें पट्ट्यांवर गुळगुळीत, दाट पॉलिथिलीनच्या चिपा बसविल्या आहेत. हा प्लॅस्टिकचा प्रकार पाणी शोषीत नाहीं. दुकानदार नायलॉनच्या देत होता. त्या पाण्यानें फुगतात म्हणून परत केल्या. एक गोष्ट अजून पाहावयाची राहिली आहे: शिडाच्या तारा ताणल्यावर जुन्या नौकेची चौकट किंचित् पिळते, आणि बंदरांत मोकळें असलेलें झाकण वाऱ्यांत अडतें. तसें झालें तर दोष झाकणाचा नसून तक्तपोशीचा, आणि मग सुताराचें काम मोठें.

दिवाळीच्या सुटींत नौका पाण्यांत उतरली. झरोक्याची खिट्टी आतां वीतभर खालीं घेतली आहे. मुलानें झाकण आंतून दहा वेळां उघडून दाखविलें. त्याची आजी धक्क्यावरून मोजीत होती.