मूठ सैल सोडण्याची विद्या

1908 साली हार्वर्ड विद्यापीठात एडमंड जेकबसन नावाचा एक तरुण संशोधक माणसं अचानक झालेल्या आवाजाने कशी दचकतात, याचा अभ्यास करत होता. ज्यांनी स्नायू सैल सोडलेले असतात ती माणसं फारशी दचकत नाहीत, हे त्याला दिसलं. पुढे शिकागोत डॉक्टर म्हणून काम करताना त्याने यातूनच एक उपचारपद्धती घडवली आणि 1929 मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हा ग्रंथ लिहिला. हात वाकवण्याची नुसती कल्पना केली तरी दंडाच्या स्नायूत बारीकसा विद्युतप्रवाह उमटतो, हेही त्याने यंत्राने मोजून दाखवलं. म्हणजे डोक्यातली चिंता डोक्यातच राहत नाही, ती जबड्यात, मानेत, पोटात जाऊन बसते. आणि बसली आहे याचा आपल्याला पत्ताही नसतो.

खरी गोम इथेच आहे. ‘जरा रिलॅक्स हो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण जो ताण जाणवतच नाही, तो सोडणार कसा? म्हणून या पद्धतीत आधी ताण ओळखायला शिकवतात. जेकबसन एकेका स्नायूवर दिवसचे दिवस घालवत असे. एवढा धीर कुणाला? जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने हा अभ्यास आटोपशीर केला आणि 1973 मध्ये बर्नस्टीन व बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञांनी शरीराचे 16 स्नायूगट पाडून त्याची पुस्तिका काढली. आज बहुतेक ठिकाणी शिकवतात ते साधारण याच वळणाचं.

खुर्चीत टेकून बसा किंवा आडवे व्हा. उजवी मूठ पाच-सात सेकंद आवळा आणि एकदम सोडून द्या. हळूहळू नाही, एकदम. मग अर्धं मिनिट काहीही न करता त्या हाताकडे लक्ष ठेवा. घाई नेमकी इथे होते. आवळणं सगळ्यांना जमतं, नंतरचं ते अर्धं मिनिट जड जातं. पुढे दंड, कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, पोट, मांड्या. पोटरीसाठी पावलं आपल्याकडे ओढा. खाली ताणलीत तर गोळा येऊ शकतो. श्वास कोंडू नका. जोर बेताचाच लावा. सैल होण्याचा आटापिटा केला, की तोच नवा ताण.

सैल होण्यासाठी आपल्याकडे शवासन आहेच. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी 47 उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना ते शिकवून पाहिलं आणि 1969 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली; आपल्या मनाने गोळ्या बंद करण्याचा परवाना यातून मिळत नाही. शवासनात आवळणं नसतं, त्यामुळे नवख्याला ताण हाती लागत नाही आणि अनेकदा झोपच लागते. झोपण्यापूर्वी करत असाल तर हरकत नाही, पण शिकायचं असेल तर दिवसा, जागेपणी करा.

काही आठवडे सराव झाला, की आवळण्याची गरज उरत नाही. लोकलमध्ये उभ्याउभ्या खांदे वर चढलेले लक्षात येतात आणि तिथल्या तिथे उतरवता येतात. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर तो भाग वगळा आणि फिजिओथेरपिस्टला विचारा. काहींना मात्र डोळे मिटून सैल होताना उलट धास्ती वाटते, छातीत धडधडतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून, बसूनच, सुरुवातीला फक्त हातांपुरतं करावं.