झाडाची साल : तिच्या जखमा, रोग व निगा

अक्कलकोट तालुक्यातील शाळांच्या आवारात कडुनिंब, वड, चिंच, बोर, पेरू यांची झाडे आढळतात. अशाच एखाद्या कडुनिंबाच्या खोडाला शाळेची घंटा टांगण्यासाठी कोणी एके काळी लोखंडी तार आवळून बांधतो. घंटा वाजत राहते, मुले वर्ग बदलीत राहतात, तार मात्र कोणी सैल करीत नाही. काही वर्षांनी तारेच्या वरच्या बाजूस खोड फुगलेले दिसते, खालच्या बाजूस ते आखडलेले राहते. पुढे शेंडा वाळू लागतो. त्या वर्षी पाऊस कमी झाला असेल तर दोष अवर्षणास दिला जातो. खोडावर मातीचा थर दिसला तर वाळवीस. तारेचे नाव कोणी घेत नाही. घाव आणि मरण यांच्यामध्ये दोनतीन वर्षांचे, कधी त्याहूनही अधिक अंतर पडते. सालीला झालेल्या इजेकडे दुर्लक्ष होण्याचे मुख्य कारण हेच होय.

साल म्हणजे झाडाचा नुसता अंगरखा नव्हे. बाहेरचा खडबडीत, भेगाळलेला थर मृत असतो आणि ऊन, कीड व आघात यांपासून रक्षण करतो. त्याच्या आतील ओलसर थर जिवंत असतो. पानांत तयार झालेले अन्न याच थरातील रसवाहिन्यांतून मुळांकडे उतरते. मुळांनी शोषलेले पाणी मात्र सालीतून नव्हे, तर आतल्या लाकडातील जलवाहिन्यांतून वर चढते. साल व लाकूड यांच्यामध्ये ऊतककराचा अतिशय पातळ पडदा असतो. तो आतल्या अंगास लाकूड व बाहेरच्या अंगास साल निर्माण करतो. खोडाभोवती सालीचे पूर्ण कडे निघाले तर पाने काही काळ हिरवीच राहतात, कारण पाणी चढत असते. उपासमार होते ती मुळांची. साठविलेल्या अन्नावर ती काही काळ तग धरतात आणि अन्न संपले की मरतात. मग वरचे झाडही जाते.

हे तत्त्व मुलांस समजावून देण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. सोलापूर जिल्हा डाळिंबासाठी प्रसिद्ध आहे. २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबास भौगोलिक मानांकनही मिळाले. डाळिंबाची रोपे गुटी कलमाने तयार करतात, हे शेतकऱ्यांच्या मुलांनी घरी पाहिलेले असते. पेन्सिलीएवढ्या जाड, पक्व फांदीवरून सुमारे अडीच ते तीन सेंटिमीटर रुंदीचे सालीचे कडे काढतात, तेथे ओले शेवाळ गुंडाळतात व वरून प्लास्टिकचा कागद घट्ट बांधतात. दीडदोन महिन्यांत मुळे फुटतात. ती फुटतात कोठे, हे मुलांस विचारावे. कापाच्या वरच्या कडेस! खाली उतरणारे अन्न तेथे अडते आणि त्या साठ्यावर मुळे पोसली जातात. घंटेच्या तारेवर आलेली सूज आणि गुटीच्या वरच्या कडेची मुळे यांचे कारण एकच आहे. द्राक्षाचे बागाईतदार मणी फुगावेत म्हणून वेलीच्या सालीचा अगदी अरुंद पट्टा काढतात, तेही याच ज्ञानावर. तो पट्टा इतका अरुंद असतो की काही आठवड्यांत भरून येतो. सतराव्या शतकात इटलीतील शास्त्रज्ञ मार्सेल्लो माल्पिगी याने सालीची कडी काढून हीच सूज पाहिली होती.

येथील सीमाभागातील कन्नडभाषक मुले सालीला ‘तोगटे’ व कडुनिंबाला ‘बेवु’ म्हणतात. पाठ देताना ही नावे फळ्यावर मराठी नावांशेजारी लिहिली, तर विषय लवकर घरचा होतो.

आवारातील झाडांच्या जखमा बहुधा माणसाच्याच हातच्या असतात. रोप लावताना बसविलेला लोखंडी पिंजरा झाड मोठे झाल्यावर काढावयाचा राहतो व त्याच्या पट्ट्या सालीत रुततात. फलक लावण्यासाठी खिळे ठोकले जातात. खिळा झाडाबरोबर वर सरकत नाही. ज्या उंचीवर ठोकला त्याच उंचीवर राहतो आणि खोड जाड होत जाईल तसा आत गडप होतो. खिळ्याचे भोक लहान दिसले तरी बुरशीस ते पुरेसे दार असते. शेळ्या रोपांची साल सोलतात. गुरे बांधलेल्या दाव्याने साल घासून निघते. पश्चिमेकडील मोठी फांदी तोडली की तिच्या सावलीत राहिलेल्या सालीवर एकदम उन्हाळ्याचे ऊन पडते आणि ती तडकते. अशा उघड्या पडलेल्या खोडास व कोवळ्या रोपास चुन्याची पांढरी निवळी लावणे हिताचे असते, कारण पांढरा रंग उष्णता परतवितो. गेरूचा रंग ते काम करीत नाही.

वडाच्या बाबतीत थोडे निराळे सांगावे लागते. श्रीस्वामी समर्थांचे वास्तव्य अक्कलकोटात १८७८ पर्यंत होते. त्यांच्या बैठकीच्या वडावरून तेथील मंदिरास वटवृक्ष मंदिर हे नाव पडले. त्यामुळे या गावाला वडाचे महत्त्व सांगावे लागत नाही. पारंब्या जमिनीत रुजून स्वतंत्र खोडे झाली की वडाला अन्नपाण्याचे दुसरे मार्ग मिळतात; म्हणून कडुनिंबाला जी जखम प्राणघातक ठरते, ती जुना वड पुष्कळदा सोसतो. पारंब्या कापून टाकणारा माणूस वडाचा हा आधारच तोडतो. वटपौर्णिमेचे सुती सूत कुजून जाते, त्याने काही बिघडत नाही. नायलॉनचा दोरा कुजत नाही, तो काढून टाकावा. खोडाला लागून पणत्या वा कापूर जाळल्याने आतली जिवंत साल भाजते, आणि बुंध्याला भिडवून केलेला सिमेंटचा पार बुंध्याचा श्वास कोंडतो. पार बांधावयाचा असल्यास खोडाभोवती मोकळी माती सोडावी.

आता किडी व रोग. बोर, पेरू, आंबा, डाळिंब यांच्या खोडावर, विशेषतः फांद्यांच्या बेचक्यात, विष्ठा व भुसा रेशमी धाग्यांत गुंतलेली तपकिरी फीत दिसली, की ते साल खाणाऱ्या अळीचे काम समजावे. ही अळी दिवसा लाकडातील बिळात लपते व रात्री त्या फितीच्या आडोशाने साल कुरतडते. पतंग पावसाळ्याच्या सुमारास सालीच्या भेगांत अंडी घालतात आणि अळी पुढे हिवाळाभर खात राहते. म्हणून दिवाळीच्या सुटीपूर्वी एकदा झाडे पाहून घ्यावी. फीत काढून टाकावी, बिळात वाकविलेली तार घालून अळी ओढून काढावी. ती न निघाल्यास रॉकेलमध्ये बुडविलेला कापसाचा बोळा घालून बीळ ओल्या मातीने लिंपावे. हे काम मोठ्या माणसाने करावे. वाळवी बहुधा बाहेरची मृत साल खाते. मोठ्या झाडावरील तिचे थर झाडून टाकले तरी पुष्कळ झाले, लहान रोपाला मात्र ती घातक असते.

लिंबू व मोसंबीच्या बुंध्यावर साल चिरून डिंक वाहू लागतो, त्यास डिंक्या म्हणतात. फायटोफ्थोरा नावाची बुरशीसदृश जात हे त्याचे कारण असून बुंध्याशी साचलेले पाणी व चढविलेली माती तिला पोषक ठरतात. उपाय औषधाच्या आधी फावड्याने करावयाचा असतो : बुंध्याजवळची माती उकरून दूर करावी आणि दुहेरी आळे करावे, म्हणजे पाणी बाहेरच्या आळ्यात राहते व खोडास लागत नाही. शाळेत हात धुण्याचे पाणी झाडाकडे वळविलेले असते. तेथेही हाच नियम लागू आहे.

डाळिंबावरील तेल्या हा जीवाणूजन्य रोग फळांवरील डागांसाठी माहीत आहे, परंतु तो फांदीच्या पेऱ्यांवरील सालीसही चिरतो आणि फांदी तेथेच मोडते. छाटणीच्या कात्रीवरून व रोगट बागेतील गुटीवरून तो पसरतो. खोडावर टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसल्यास ते भुंगेऱ्याचे काम असते. या दोहोंसाठी सोलापूर येथे २००५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या चालू शिफारशी पाहाव्या. जुन्या वहीतील औषधांची नावे उतरवून देऊ नयेत.

ताज्या जखमेवर काय करावे? साल नुकतीच सुटून लोंबत असेल व ओली असेल, तर ती त्याच क्षणी जागी दाबून ओल्या सुती पट्टीने बांधावी. पुष्कळदा ती चिकटते. दोनतीन आठवड्यांनी पट्टी सोडावी. वाळलेली साल मात्र धारदार चाकूने जिवंत कडेपर्यंत साफ कापावी, जखम रुंद करू नये. डांबर वा तैलरंग लावू नये. त्याखाली ओल कोंडते. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरत नाही. कुजलेला भाग झाड आतून अलग पाडते आणि कडांकडून नवी साल त्यावर सावकाश चालून येते.

डिंक्यावर व पावसाळ्याच्या तोंडी उघड्या राहिलेल्या जखमेवर बोर्डो मलम उपयोगी पडते. १८८५ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्डो परिसरात द्राक्षवेलींवर मिलार्दे या शास्त्रज्ञाने मोरचूद व चुना यांचे हे मिश्रण प्रचारात आणले. शाळेपुरते करावयाचे तर १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, मातीच्या वा प्लास्टिकच्या भांड्यांत निरनिराळे भिजवावे. धातूचे भांडे चालत नाही. दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतून ढवळावे. घासून चकचकीत केलेला विळा त्यात क्षणभर बुडवावा. त्यावर तांबूस थर आला तर चुना आणखी घालावा. मलम त्याच दिवशी संपवावे. मोरचूद विषारी असल्याने ती मुलांच्या हाती देऊ नये. विळ्याची परीक्षा त्यांना दुरून दाखवावी.

साल चोहोबाजूंनी गेली असेल तर मलमाने काही होत नाही. थंड प्रदेशातील सफरचंदाच्या बागांत हिवाळ्यात उंदीर व ससे रोपांची साल कडे करून खातात, तेव्हा बागाईतदार सेतू कलम करतात. त्याच झाडाच्या किंवा त्याच जातीच्या कोवळ्या काड्या जखमेच्या वर व खाली सालीत खोचून बसवितात, बारीक चुकांनी पक्क्या करतात व मेणाने सांधे बंद करतात. काड्या जगल्या तर अन्न त्यांवरून मुळांकडे उतरू लागते आणि त्या वर्षांनुवर्षे जाड होत जातात. काडीची खालची बाजू खालीच आली पाहिजे. उलटी बसविलेली काडी उपयोगी पडत नाही.